स्थैर्य कोणाचं, आणि हेलकावे कोणाच्या वाट्याला?

प्रश्न : माझं सासर मूळचं अमळनेर तालुक्यातलं. सासरे ऐंशीच्या दशकात सुरतेला आले आणि आता आम्ही लिंबायतचेच झालो आहोत. नवरा वराछाच्या हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसतो, थोरले दीर उधन्यात भागीत यंत्रमाग चालवतात, मी घरी साड्यांना स्टोन लावते. गेल्या दोन-तीन वर्षांत नवऱ्याचं काम निम्म्यावर आलं. दिरांचं कापड विकलं जातं, पण पैसे अडकून पडतात. बातम्यांत मात्र सारखं ऐकते की अर्थव्यवस्था स्थिर आहे, व्याजदर स्थिर आहे, रुपया स्थिर आहे. हे स्थैर्य म्हणजे नेमकं काय? ते आमच्या गल्लीपर्यंत का पोचत नाही? आणि एखादा धंदा स्थिर आहे हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?
— एक वाचक, लिंबायत, सुरत

उत्तर : ताई, बातम्या खोटं सांगत नाहीत आणि तुमच्या घरचा हिशेबही खोटा नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ते कसं, हे सुरतेइतकं स्पष्ट फार थोड्या शहरांत दिसतं.

आधी थोडक्यात उत्तर. अर्थव्यवस्थेत सगळंच्या सगळं कधीच स्थिर नसतं. एक गोष्ट जागेवर धरून ठेवायची तर दुसरी कुठलीतरी हलू द्यावी लागते. मालाचा भाव धरला तर काम कमी करावं लागतं. काम धरलं तर मालकाचा नफा हलतो. व्यापाऱ्याचा गल्ला धरला तर विणकराचे पैसे लांबतात. म्हणून ‘स्थिर आहे’ असं कोणीही म्हणालं की आपण दोन गोष्टी विचारायच्या : स्थिर नेमकं काय आहे, आणि त्यासाठी हेलकावे कोण खातंय?

बातम्यांतलं स्थैर्य कशाचं असतं?

रिझर्व्ह बँकेवर २०१६ पासून कायद्यानंच एक जबाबदारी टाकलेली आहे. किरकोळ महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची, फार तर २ टक्के वर किंवा खाली. त्यासाठीचं तिचं मुख्य साधन म्हणजे रेपो दर, म्हणजे ज्या दरानं ती बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा दर ६.५ टक्के झाला आणि पुढची दोन वर्षं, फेब्रुवारी २०२५ पर्यंत, तिथेच राहिला. ‘रेपो दर स्थिर’ हे वाक्य त्या काळात तुम्ही दर दोन महिन्यांनी ऐकलं असणार.

आता तीच दोन वर्षं हिऱ्याच्या बाजूनं बघा. २०२२-२३ मध्ये भारतातून सुमारे २२ अब्ज डॉलरचे पैलू पाडलेले हिरे निर्यात झाले. २०२३-२४ मध्ये हा आकडा १६ अब्जांवर आला आणि २०२४-२५ मध्ये १३ अब्जांच्या जरा वर थांबला. देशाचा व्याजदर जागचा हलला नाही, आणि वराछा-कतारगामचा धंदा मात्र जवळपास चाळीस टक्क्यांनी आकसला. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊच्या आसपास हिऱ्यांना पैलू भारतात पडतात आणि त्यातले बहुतेक सुरतेत. त्यामुळे मंदी न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली काय किंवा शांघायमध्ये, तिचा मुक्काम शेवटी इथेच पडतो.

कारणं तुमच्या घरी रोज बोलली जात असतील. अमेरिका आणि चीनमधलं गिऱ्हाईक मागे हटलं. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भाव पाडले. युक्रेनच्या युद्धानंतर २०२४ पासून जी-७ देशांनी रशियन हिऱ्यांवर बंदी आणली. आणि या घसरणीवर पुढे भर म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. यातलं एकही कारण रेपो दरानं आवरण्यासारखं नव्हतं.

म्हणून महागाई आटोक्यात असणं बिनकामाचं आहे, असं मात्र समजू नका. मिळकत निम्मी झालेल्या घराला तेल आणि डाळ महाग झाली असती तर दुहेरी मार बसला असता. पण भाव स्थिर असणं ही एक गोष्ट आणि मिळकत स्थिर असणं ही दुसरी. बातम्या बहुतेक वेळा पहिलीबद्दल बोलतात. तुमचा प्रश्न दुसरीचा आहे.

‘रुपया स्थिर’चंही तसंच आहे, आणि यावर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच माणसानं फार मोलाचं काम करून ठेवलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी. पदवीसाठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावानं तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी सरकारचं सगळं लक्ष रुपयाचा परकी चलनाशी असलेला विनिमय दर सांभाळण्याकडे होतं आणि केन्ससारखा मोठा अर्थतज्ज्ञ त्या व्यवस्थेच्या बाजूचा होता. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. रुपयात देशातल्या माणसाला किती वस्तू मिळतात, ते आधी सांभाळा. बाहेरचा दर सांभाळून आतली खरेदीशक्ती घसरत असेल तर ते स्थैर्य कामाचं नाही, असं त्यांनी मांडलं. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा होतो खरा, पण भाव वाढतात त्या वेगानं मजुरी वाढत नाही, म्हणून तो फायदा मजुराच्या खिशातून निघतो, हेही त्यांनी दाखवून दिलं.

हे सुरतेच्या हिऱ्याला लावून पाहा. कच्चा हिरा डॉलरमध्ये येतो आणि घडवलेला हिरा डॉलरमध्ये जातो. मालकाच्या हिशेबात रुपयात मोजायचं उरतं ते मजुरी, वीज आणि भाडं. रुपया घसरला की डॉलरच्या हिशेबानं मजुरी स्वस्त होते. कारागिराच्या हातात मात्र तेवढेच रुपये पडतात आणि आयात तेलाचा डबा महागतो. रुपयाचा दर चढो, उतरो किंवा स्थिर राहो, त्याचा अर्थ मालकाला आणि कारागिराला सारखा लागत नाही. प्रश्न कशाच्या स्थैर्याचा आणि कोणाच्या, हा मुद्दा १९२३ मध्ये होता आणि आजही आहे.

मग ते गल्लीपर्यंत का पोचत नाही?

२०२३ च्या दिवाळीच्या आसपासचे दिवस तुमच्या घरी कोणी विसरलं नसेल. त्या वर्षी जगात पैलू पाडलेल्या हिऱ्यांचे साठे वाढत होते आणि भाव ओघळत होते. तेव्हा हिरे उद्योगाच्या संघटनांनी एकत्र येऊन ठरवलं की १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर असे दोन महिने कच्च्या हिऱ्यांची आयात स्वेच्छेनं थांबवायची. नवा माल आला नाही की साठे उतरतील आणि भाव सावरेल, असा हा सरळ हिशेब होता. व्यापाराच्या दृष्टीनं निर्णय समजण्यासारखा होता. भाव पूर्ण कोसळले असते, तर ज्या साठ्यावर बँकेचं कर्ज आहे त्या साठ्याचीच किंमत गेली असती आणि कितीतरी कारखान्यांना कायमचं कुलूप लागलं असतं.

पण माल कमी आला की घंटीवर काय होतं ते बघा. हिऱ्याची भुकटी लावलेलं लोखंडी चक्र फिरत असतं आणि त्याभोवती बहुतेक ठिकाणी चौघं बसलेले असतात. हिरा चक्रावर टेकवायचा, उचलायचा, भिंगातून पैलू पाहायचा, पुन्हा टेकवायचा. सगळं लक्ष डोळ्यात आणि बोटात. संध्याकाळी मोजणी होते ती नगांची. किती तास बसलात हे कोणी विचारत नाही, किती नग झाले तेवढे पैसे. चौघांना पुरेल एवढा माल नसेल तर चौघंही बसतात, पण प्रत्येकाच्या पुढ्यात नग कमी. कोणाला कामावरून काढलं जात नाही. कारखाना सुरू आहे, हजेरी भरलेली आहे, भाव सावरतोय. फक्त घरी येणारे पैसे घटलेत. बेरोजगारीच्या आकड्यात हे सहसा दिसत नाही.

दिवाळीची सुटी लांबवणं हा याच गोष्टीचा दुसरा प्रकार. एरवी तीन आठवड्यांची सुटी. मंदीत कारखाना उघडायची तारीख पुढे पुढे जाते आणि सौराष्ट्रातून आलेली माणसं गावीच थांबतात. २००८ च्या मंदीत असंच झालं. कित्येक जण परतलेच नाहीत आणि कित्येकांनी हिरा सोडून एम्ब्रॉयडरीच्या यंत्रावर काम धरलं.

सुरतेच्या हिरे उद्योगाची लवचीकता वाखाणली जाते आणि ती खरीही आहे. पण ती लवचीकता येते कुठून? नगावर मजुरी, ठरलेला पगार नाही, अनेक ठिकाणी पगाराची चिठ्ठी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. मागणी घटली की उद्योगाचा खर्च आपोआप घटतो, कारण तो खर्च म्हणजे कारागिराची मिळकत असते. जो हेलकावा मालकाच्या ताळेबंदात दिसायला हवा होता, तो तुमच्या स्वयंपाकघरात दिसतो. बातम्यांतलं स्थैर्य तुमच्या गल्लीपर्यंत न पोचण्याचं कारण हेच आहे.

याची किंमत काय असते ते शहरानं पाहिलं आहे. २०२४ मध्ये हिरे कामगारांच्या संघटनेला आत्महत्या रोखण्यासाठी मदतवाहिनी सुरू करावी लागली. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारनं जी मदत जाहीर केली, तिच्यात रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिरे कारागिरांच्या, मुलांची एका वर्षाची १३,५०० रुपयांपर्यंतची शाळेची फी होती. मिळकत हलली की घरात सगळ्यात आधी मुलांची शाळा डळमळते, हे त्यातून सरकारनंही मान्य केलं.

दिरांचे पैसे कुठे अडकतात?

कापडाचं दुखणं निराळं आहे. हिऱ्यात काम आटतं. कापडात काम असतं, माल जातो आणि पैसा येत नाही. साखळी तुम्हाला माहीत आहेच. यार्नवाल्याकडून यार्न, मागावर ग्रे कापड, रिंग रोडच्या मार्केटमधला व्यापारी ते घेतो, पांडेसरा-सचिनच्या मिलमधून रंगवून-छापून आणतो, मग तुमच्यासारख्या घरांतून लेस आणि स्टोन लागतात आणि साडी आढतियामार्फत देशभर जाते. शेवटच्या दुकानदारानं पैसे दिले की ते उलट्या वाटेनं एकेक पायरी उतरत येतात, आणि प्रत्येक पायरीवर थांबतात.

समजा, एक छोटा विणकर महिन्याला १० लाखांचं यार्न घेतो. यार्नचे पैसे त्याला १५ दिवसांत द्यावे लागतात आणि कापडाचे पैसे ९० दिवसांनी मिळतात. मधले अडीच महिने, म्हणजे २५ लाख रुपये, कायम दुसऱ्याच्या धंद्यात पडून राहतात. १२ टक्क्यांनी त्याचं व्याज वर्षाला ३ लाख, महिन्याला २५ हजार. ही रक्कम कापडाच्या भावात कुठेच लिहिलेली नसते, पण विणकर ती दर महिन्याला भरत असतो. व्यापाऱ्याचा गल्ला स्थिर राहतो तो या पैशांवर. आणि एखादी पार्टी पैसे बुडवून उठून गेली, तर धक्का थेट मागापर्यंत येतो.

२०२३ च्या अर्थसंकल्पात यावर एक उपाय आला. आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये भर घालून सांगितलं गेलं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्या. उशीर झाला तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा करता येईल. म्हणजे उशीर केला तर यंदाचा कर वाढतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हे लागू झालं आणि मार्च २०२४ जवळ आला तशी सुरतेच्या मार्केटमध्ये खळबळ उडाली. काहींनी पैसे वेळेवर दिले. काहींनी माल परत पाठवला, काही नोंदणी नसलेल्या विणकरांकडे वळले. हेलकावा एकाच्या अंगावरून काढायला गेलं की तो दुसऱ्याकडे सरकायला बघतो, याचं हे ताजं उदाहरण. तरीही माझ्या मते कायद्याची दिशा बरोबर आहे. उधारीची मुदत ठरवण्याची ताकद आजवर फक्त घेणाऱ्याकडे होती.

दिरांना एवढं सांगा की ‘उद्यम’ नोंदणी केलेली असेल तरच या तरतुदीचा आधार मिळतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे उशिराच्या पैशांवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. नेहमीच्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करणं सोपं नसतं, हे मला समजतं. म्हणून निदान सौदा लेखी करण्यापासून तरी सुरुवात व्हावी.

वर्षानुवर्षं चाललेला धंदा म्हणजे स्थिर धंदा का?

तुमच्या तिसऱ्या प्रश्नात बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. ‘वीस वर्षं चालू आहे, म्हणजे पक्कं आहे’ असं आपण म्हणतो. तापीकाठच्या माणसानं तरी असं म्हणू नये.

१९५९ आणि १९६८ च्या मोठ्या पुरांची आठवण सुरतेच्या जुन्या लोकांना होती. १९७२ मध्ये तापीवर उकाई धरण झालं आणि नदी शांत झाली. १९९८ चा पूर सोडला तर तीस-पस्तीस वर्षं नदीनं मोठा त्रास दिला नाही. त्या शांततेच्या भरवशावर शहर नदीला भिडत गेलं. मग ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात, म्हणजे मध्य प्रदेशात आणि आपल्या खानदेशात, धो धो पाऊस झाला. उकाई भरत आलेलं होतं. ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. धरण नसतं तर लोक नदीच्या इतक्या जवळ गेलेच नसते. लहान पूर थांबले म्हणून मोठ्या पुराचं नुकसान वाढलं.

त्यातही तुमचाच प्रश्न दडलेला आहे. धरण भरलेलं ठेवलं तर उसाला पाणी आणि वीज यांची खात्री. धरण रिकामं ठेवलं तर शहराची खात्री. एकाच जलाशयातून दोन्ही स्थैर्यं पूर्ण मिळत नाहीत. पावसाळ्यात कोणत्या तारखेला पाणी किती उंचीवर ठेवायचं, हा दिसायला इंजिनिअरचा निर्णय. पण कोणाला किती धोका द्यायचा, याचाही निर्णय तोच असतो.

हायमन मिन्स्की नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं हेच पैशाबद्दल सांगितलं. बराच काळ सगळं सुरळीत चाललं की कर्ज देणारे आणि घेणारे दोघंही धीट होतात. आधी माणूस मिळकतीतून मुद्दल-व्याज फेडता येईल इतकंच कर्ज घेतो. मग व्याजापुरतं भागलं तरी चालेल म्हणतो. शेवटी वस्तूचा भाव वाढतच राहणार, या भरवशावर घेतो. शांत काळच पुढच्या संकटाची तयारी करत असतो. १९९६ मध्ये मिन्स्की वारले तेव्हा फार कोणी त्यांना विचारत नव्हतं. २००८ नंतर सगळे त्यांची पुस्तकं शोधू लागले.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचं तसंच झालं. सुरुवातीला नफा घसघशीत होता, म्हणून सुरतेत यंत्रांमागून यंत्रं लागली, अनेकांनी कर्जावर घेतली. प्रत्येकाच्या कागदावर भाव तोच राहणार होता. पण यंत्रं वाढली की माल वाढणार आणि माल वाढला की भाव पडणार, हे टळत नाही. डी बिअर्ससारख्या कंपनीनं २०१८ मध्ये ८०० डॉलर कॅरेट या ठरलेल्या भावानं ‘लाइटबॉक्स’ हा प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचा ब्रँड काढला होता. २०२५ मध्ये तो बंद करत असल्याचं तिनं जाहीर केलं.

मग ओळखायचं कसं?

धंद्याचं वय आणि इमारत यांवरून ओळखू नका. खजोदचं सुरत डायमंड बोर्स डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. ६७ लाख चौरस फुटांची, जगातल्या सर्वांत मोठ्या कार्यालयीन इमारतींपैकी एक. त्याच आर्थिक वर्षात निर्यात २२ अब्जांवरून १६ अब्जांवर आली. इमारत आणि धंदा या दोन वेगळ्या गोष्टी.

त्याऐवजी हे पाहा. विक्री एकदम थांबली तर भाडं, हप्ते आणि पगार किती महिने निघतील? निम्म्याहून जास्त माल एकाच पार्टीला किंवा एकाच देशात जातो का? पैसे देण्याची तारीख आणि पैसे मिळण्याची तारीख यांत किती दिवस आहेत? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या मंदीत त्या कारखान्यानं कामगारांचं काय केलं? ज्यानं नफ्यातून काही काळ माणसं सांभाळली, तो धंदा पुढच्या वेळीही टिकण्याची शक्यता जास्त, कारण त्याच्याकडे राखीव पैसा होता आणि तेजी आली तेव्हा कसलेले हातही त्याच्याकडेच होते. हिऱ्यात चांगला हात तयार व्हायला वर्षं लागतात. गावी गेलेला कारागीर हाक मारल्याबरोबर परत येत नाही.

हाच हिशेब घराला लावा. तुमच्याकडे तीन कमाया दिसतात, पण आधार दोनच आहेत. नवऱ्याची कमाई अमेरिकेच्या नाताळावर अवलंबून. दिरांचं कापड आणि तुमचं स्टोनचं काम एकाच साडीवर, म्हणजे इथल्या लग्नसराईवर आणि सणांवर अवलंबून. हिरा पडला तर साडी तुम्हाला धरून ठेवेल, पण साडी पडली तर दोन कमाया एकदम जातील. म्हणून कर्जाचा हप्ता ठरवताना दिवाळीआधीच्या महिन्याची कमाई धरू नका, वर्षातल्या सगळ्यात पडक्या महिन्याची धरा. घरात पुढची कमाई सुरू होणार असेल, तर ती हिरा आणि साडी या दोन्हींच्या बाहेरची असेल असं बघा.

नगावर काम आणि तरीही स्थिर मिळकत, हे जमतं का?

जमतं, आणि ते महाराष्ट्रानं करून दाखवलं आहे. मुंबईच्या बाजारातल्या हमालाचा ठरलेला मालक नव्हता, मजुरी पोत्यावर मिळायची, आज काम तर उद्या नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कामगारांची आणि मालकांची मंडळाकडे नोंदणी होऊ लागली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि तिच्यावर मालकांकडून ठरावीक टक्के लेव्ही घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, पगारी सुटी आणि औषधोपचार उभे राहिले. काम पोत्यावरच राहिलं, पण वाईट महिन्याचा सगळा भार एकट्या हमालावर राहिला नाही. या मंडळांच्या कारभारात पुढे दोष आले, तक्रारी झाल्या. तरी मूळ कल्पना भक्कम आहे. धंद्यात चढउतार येणारच असतील, तर तेजीच्या दिवसांत प्रत्येक नगामागे थोडं बाजूला काढायचं आणि ते मंदीत कामगाराला द्यायचं.

सुरतेला हे अवघड वाटू नये. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीनं लाखो लोक हे शहर सोडून गेले होते. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरायला लावून त्यांनी कचरा आणि गटारांची व्यवस्था बसवली. दोनेक वर्षांत घाणीसाठी बदनाम असलेलं शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणलं जाऊ लागलं. नशिबानं काही झालं नव्हतं. रोजचं काम लावून दिल्यावर झालं. जे गटारांच्या बाबतीत जमलं, ते मजुरीच्या बाबतीत जमणार नाही असं मानायचं कारण नाही.

तोवर जे हातात आहे ते करा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागतो आणि नगावर काम करणारा त्यातून आपोआप वगळला जात नाही. नवऱ्याला पगाराची चिठ्ठी मागायला सांगा. एकट्यानं मागणं जड जात असेल, तर घंटीवरच्या चौघांनी मिळून मागावी. भविष्यनिर्वाह निधीचं खातं नसेल, तर ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, दोघांचीही नोंदणी करून ठेवा. मदतीची योजना येते तेव्हा पहिला प्रश्न ‘तुम्ही तिथे काम करत होता याचा कागद कुठे आहे?’ हाच असतो, आणि तो कागद नसल्यामुळे हक्काची माणसं बाहेर राहतात.

आणि पुढच्या वेळी ‘अर्थव्यवस्था स्थिर आहे’ असं ऐकलं की घाबरू नका, भुलूही नका. तो आकडा खरा असेल. पण ज्या धंद्यात मंदीचा पहिला रुपया कारागिराच्या मजुरीतून कापला जातो, त्या धंद्याला मी स्थिर म्हणणार नाही, मग त्याची उलाढाल कितीही अब्जांची असो.